अतिरिक्त कार्यभार

जाहिरात मीच टाईप केली होती.
मुख्य अग्निशमन अधिकारी. पद एक.
उंची एकशे पासष्ट, छाती फुगवून शहाऐंशी,
नागपूरच्या कॉलेजचा दाखला,
लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, दोन फोटो.
धुरात किती वेळ उभं राहता येतं
याला नमुन्यात रकाना नव्हता.

चार वर्षं झाली, त्या खुर्चीचा कार्यभार
उद्यान अधीक्षकांकडे आहे. अतिरिक्त.
माणूस वाईट नाही. गुलाबांच्या फाइलवर सही करतात
त्याच पेनाने डिझेलच्या बिलावर करतात.
मागे भद्रकालीत गादीवाल्याचं दुकान पेटलं
तेव्हा गेले होते, जरा लांब उभे राहिले,
आणि परत आल्यावर एवढंच म्हणाले,
कोपऱ्यावरचा कडुनिंब होरपळला हो.

मुलाखतीला सात जण आले.
शरणपूर रोड, तिसरा मजला,
बाकावर ओळीने, इस्त्रीचे शर्ट, मांडीवर फाइली.
एकाने विचारलं, बंगला मिळतो का.
एकाने विचारलं, कुंभात रजा किती दिवस बंद.
जालन्याचा हणमंत सोनटक्के म्हणाला,
बाई, तांबट आळीत तुमची मोठी गाडी वळते का?

मला काय माहीत, मी म्हटलं,
मी आस्थापनेत आहे.

खोटं बोलले. माझं माहेर तिथलं.
वळत नाही. अडीच हात कमी पडतात.
मी चौथीत होते, मोघ्यांची माडी पेटली,
गाडी दहीपुलाशी अडली
आणि माणसं होज खांद्यावर घेऊन पळत आली.
तोवर आळीने घंगाळांनी पाणी ओतलं,
विकायला ठेवलेल्या, कोऱ्या घंगाळांनी.
बाबा पुढे महिनाभर पोचे काढत होते.
ठक् ठक् ठक्, फुकटात.

सव्वाबाराला अंबडहून वर्दी आली.
पुठ्ठ्याचा कारखाना.
रंगनाथ कुशारे, लीडिंग फायरमन,
थकबाकी विचारायला माझ्याच टेबलाशी उभे होते.
फोन कानाला, अर्धं वाक्य तोंडात,
आणि जिना.
पाचवा आत होता. सहाव्याने,
म्हणजे सोनटक्केने, फाइल माझ्यापुढे ठेवली,
सांभाळा जरा,
आणि तोही जिना.

समितीने नाव तीनदा पुकारलं.
ज्याला बाकावर बसून राहवत नाही
तो खातं काय सांभाळणार, आतून आवाज आला.
शेरा सांगितला, मी लिहिला.
गैरहजर.

साडेसहाला तो फाइल न्यायला आला.
एक भुवई जळालेली, शर्टाची बाही कुठेतरी राहिलेली,
अंगाला ओल्या पुठ्ठ्याचा वास.
प्रवासभत्ता मिळतो का हो?
गैरहजराला नाही मिळत.
हसला. बरं, मग साडेसातची एसटी गाठतो.
दारातून परत वळला.
अंबडच्या दोन नंबर हायड्रंटची चावी गंजलीये,
माणसं लटकली तरी फिरेना.
लिहून घ्या कुणीतरी.

हाताशी दुसरा कागद नव्हता.
त्याच्याच गुणपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं.

फाइल नेहमीच्या वाटेने गेली.
योग्य उमेदवार आढळून आला नाही.
पाठ कोणी वाचत नाही,
पण सोमवारी उद्यान अधीक्षकांनी मला बोलावलं,
कागद उलटा धरून म्हणाले, हे अक्षर तुमचं?
आणि त्यांचा माळी, पाना, घासलेटची बाटली
अंबडला पाठवली.
चाळीस वर्षं झाडांना पाणी घालतायत,
गंजलेली चावी त्यांना कळते.

आता जाहिरात पुन्हा टाईप करते आहे.
पद एक.
उंची एकशे पासष्ट.
खाली रस्त्यावरून गाडी गेली, घंटा वाजवत,
पंचवटीकडे असावी.
मी थांबले, ती वळेपर्यंत.